दादाला कळवू नका

2005 च्या मे महिन्यात बाबांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा ते 53 वर्षांचे होते. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराचा जिना चढताना तिसऱ्या पायरीवर ते बसले आणि छातीवर हात दाबून म्हणाले, "गॅस धरलाय." ओवा झाला, गरम पाणी झालं, शेजारच्या काकूंनी हिंग लावून पाहिला. यात दीड तास गेला. दुसऱ्या दिवशी अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर आई जरा सावरली आणि पहिलं वाक्य बोलली ते हे: "दादाला कळवू नका."

दादाला न्यू जर्सीत नोकरी लागून दोन वर्षं झाली होती. व्हिसाचं काम अर्धवट होतं, वहिनीला नुकतेच दिवस गेले होते. कळलं असतं तर तो मिळेल त्या विमानानं निघाला असता आणि परत जाताना अडकला असता. आईचं चुकतंय असं मलाही तेव्हा वाटलं नाही. रविवारी सकाळी त्याचा फोन आला तेव्हा मीच सांगितलं की बाबा मिरजेला लग्नाला गेलेत. पुढच्या रविवारी बाबा घरी होते. फोनची वेळ झाली की ते दहा मिनिटं आधीच खुर्चीत येऊन बसत, म्हणजे धाप ऐकू जाऊ नये. दोन-तीन शब्दांची वाक्यं बोलत, मग माझ्याकडे रिसीव्हर देत. दादा सुट्टीवर यायचा असला की त्याच्या आदल्या दिवशी आई सगळ्या गोळ्या पाकिटातून काढून पाचक गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवी. फाईल पिठाच्या डब्यामागे जाई. असं सतरा वर्षं चाललं.

2022 मध्ये न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये दादाला झटका आला. वय 44. वहिनीनं वेळ घालवला नाही, म्हणून तो आज आहे.

त्यानंतर त्यानंच मला एक गोष्ट सांगितली. झटक्याच्या दोन वर्षं आधी वार्षिक तपासणीत त्याचं कोलेस्टेरॉल थोडं वर आलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं होतं, वडिलांना किंवा भावाला 55 च्या आत, आईला किंवा बहिणीला 65 च्या आत हृदयाचा त्रास झाला होता का? हा प्रश्न तिकडे ठरलेला आहे, कारण या वयाआधीचा आजार पुढच्या पिढीचा धोका वाढवतो असं मानलं जातं. दादानं छातीठोकपणे सांगितलं, नाही, कोणालाच नाही. वडिलांना फक्त गॅसचा त्रास आहे. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तेल-तूप कमी करायला सांगितलं आणि वर्षानं यायला सांगितलं. खरं उत्तर मिळालं असतं तर त्यांनी गोळी सुरू करण्याचा विषय तेव्हाच काढला असता. दादाचा झटका टळलाच असता असं मी म्हणणार नाही, ते कोणीच म्हणू शकत नाही. पण ते दार उघडं होतं आणि आम्ही ते घरातून, प्रेमानं, बंद केलं.

म्हणून हा लेख. आपल्या माणसांचा हृदयविकार आपल्याच माणसांपासून लपवणं ही खाजगी बाब राहिलेली नाही, ते सार्वजनिक आरोग्याचं नुकसान आहे, असं माझं म्हणणं आहे. आणि ज्या घरांची एक शाखा इथे आणि एक समुद्रापार आहे, त्या घरांत हे नुकसान सर्वांत जास्त होतं.

दादाची बातमी पसरली तेव्हा इथल्या नातेवाइकांनी एका सुरात सांगितलं, "तिकडचं खाणं, तिकडचा ताण." तिकडचे मित्र म्हणत होते, "आपले इंडियन जीन्सच असे." दोन्ही बाजूंना आपापलं उत्तर सोयीचं आहे. इथल्यांना वाटतं, आम्ही इथे आहोत म्हणजे सुटलो. तिकडच्यांना वाटतं, रक्तातच आहे तर करायचं काय. मी गेली तीन वर्षं या विषयावर मिळेल ते वाचते आहे, आणि दोन्ही उत्तरं अर्धीच आहेत याबद्दल माझ्या मनात आता शंका नाही.

जपानी लोकांपासून सुरुवात करते. 1965 च्या सुमारास जपानमध्ये, होनोलुलूत आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या भागात राहणाऱ्या जपानी वंशाच्या पुरुषांची तुलना सुरू झाली. वंश एकच, मुक्काम तीन. हृदयविकार जपानमध्ये सर्वांत कमी, हवाईत मधला, कॅलिफोर्नियात सर्वांत जास्त. 1976 मध्ये मायकेल मार्मट आणि लिओनार्ड साइम या संशोधकांनी याच कॅलिफोर्नियातल्या जपानी मंडळींत आणखी एक गोष्ट दाखवली: जे आपल्या रीतिभाती आणि आपल्या माणसांचा गोतावळा धरून राहिले त्यांच्यात हा आजार कमी होता. जे पूर्णपणे अमेरिकी झाले त्यांच्यात तिपटीपासून पाचपटीपर्यंत जास्त. सिगारेट, कोलेस्टेरॉल, रक्तदाब हिशोबात धरूनही फरक उरलाच. म्हणजे माणूस कुठे आणि कोणात राहतो याला वजन आहे, हे उघड आहे.

आता आपल्याकडे वळू. 1959 मध्ये सिंगापूरच्या शवविच्छेदनांच्या नोंदींवरून दिसलं की तिथल्या चिनी लोकांपेक्षा भारतीयांत हृदयाच्या धमन्यांचा आजार कितीतरी जास्त आहे. त्रिनिदादमध्ये 1845 पासून मजूर म्हणून नेलेल्या भारतीयांचे वंशज आहेत. त्यांच्या कित्येक पिढ्यांनी भारत पाहिलेलाही नाही. 1986 मध्ये तिथल्या पाहणीत भारतीय वंशाच्या लोकांत हृदयविकाराचे मृत्यू इतरांहून जास्त निघाले, आणि रक्तदाब-साखर वगैरे नेहमीची कारणं धरूनही त्याचा पूर्ण उलगडा होईना. जेवण बदललं, भाषा बदलली, आडनावंसुद्धा बदलली, आणि हे मागे राहिलं नाही.

मला सर्वांत जवळचा वाटलेला अभ्यास 1995 चा आहे. पश्चिम लंडनमध्ये राहणारे पंजाबी लोक आणि पंजाबात राहिलेली त्यांची सख्खी भावंडं यांची रक्ततपासणी करून ताडून पाहिली गेली. लंडनमधल्यांचं वजन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, साखर हे सगळं गावातल्या भावंडांपेक्षा वाढलेलं होतं. पण लिपोप्रोटीन-ए नावाचा घटक दोघांत सारखाच होता आणि गोऱ्या लोकांपेक्षा दोघांतही जास्त होता. हा घटक बहुतांशी आईबापांकडून येतो, लहानपणीच ठरतो आणि जन्मभर जवळपास तेवढाच राहतो. पथ्य-व्यायामानं तो हलत नाही. माझ्या घराला हा अभ्यास इतका चपखल लागू पडतो की पहिल्यांदा वाचताना मी दादाचा आणि माझा रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून बसले होते. आमच्या दोघांचाही तो घटक धोक्याची रेषा मानल्या जाणाऱ्या 50 च्या पुष्कळ वर आहे. दादा एडिसनला, मी दांडिया बाजारात.

बडोद्याच्या वाचकांना आणखी जवळचं उदाहरण हवं असेल तर 2006 मध्ये छापून आलेला एक अभ्यास आहे, ब्रिटनमधल्या सँडवेलमध्ये स्थायिक झालेल्या गुजरात्यांचा आणि त्यांच्याच मूळ गावांत, नवसारीच्या बाजूला राहिलेल्यांचा. नवसारी म्हणजे जुन्या बडोदे संस्थानाचाच एक प्रांत. तिथेही तेच: ब्रिटनमध्ये गेलेल्यांचं वजन वाढलं, रक्तदाब वाढला, रक्तातली चरबी वाढली. पण या गोष्टीला आता वीस वर्षं होत आली. तेव्हाचं गाव आणि आजचं बडोदं यांत फार अंतर आहे. आज अलकापुरीत बसून संगणकावर दहा तास काम करणारा मुलगा आणि एडिसनमधला त्याचा चुलत भाऊ यांच्या दिवसात मला विशेष फरक दिसत नाही. परदेशी जाणाऱ्यांच्या वाट्याला जे एका पिढीत आलं ते इथे राहणाऱ्यांच्या दारात घरबसल्या आलं आहे. म्हणून "आम्ही इथेच आहोत" या समाधानात काही अर्थ उरलेला नाही.

बाबा 53 चे होते, हेही मला फार दिवस अपवाद वाटायचं. 52 देशांत झालेल्या इंटरहार्ट नावाच्या अभ्यासातून 2007 मध्ये दक्षिण आशियाचे आकडे वेगळे काढले गेले. पहिल्या झटक्याचं सरासरी वय भारत आणि शेजारच्या देशांत 53 वर्षं निघालं, बाकी जगात जवळजवळ 59. बाबा अगदी मधोमध होते. आणि त्याच अभ्यासाची दुसरी बाजू, जी रक्ताला दोष देणाऱ्यांनी ऐकायला हवी: धूम्रपान, रक्तातली चरबी, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरचा ताण, भाजी-फळं, व्यायाम अशा ओळखीच्या कारणांनीच बहुतेक झटक्यांचा हिशोब लागतो. रक्तात जे आहे ते बदलत नाही म्हणूनच बाकीच्या गोष्टी जास्त लवकर आणि जास्त कसून धराव्या लागतात. पण त्यासाठी आधी रक्तात आहे हे माहीत असावं लागतं.

दादाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आड आली, ती म्हणजे तो बारीक आहे. लहानपणापासून काटकुळा. "तुला काय होतंय, तुझ्या अंगावर मांस तरी आहे का," असं त्याला सगळे म्हणायचे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या गैरसमजावर सारं आयुष्य खर्च केलं आहे. 2004 मध्ये त्यांनी आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांनी स्वतःचेच आकडे छापले. उंची-वजनाचं गुणोत्तर (बीएमआय) दोघांचं एकच, 22.3. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं जन्मतःच अशी असतात हेही त्यांच्या गटानं दाखवलं: वजन सरासरी 2.7 किलो, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा पाऊण किलोनं कमी, पण कातडीखालची चरबी त्या मानानं राखलेली. कमी पडतात ते स्नायू. आपल्या लोकांसाठी हे गुणोत्तर 25 ला नाही तर 23 लाच सावध व्हायचं, आणि कंबर पुरुषांनी 90 सेंटिमीटर, बायकांनी 80 सेंटिमीटरच्या आत ठेवायची, हे अशाच निरीक्षणांतून आलं. शिंप्याच्या टेपनं घरात मोजता येतं. दादाची कंबर 96 होती, शर्ट बाहेर सोडला की दिसत नसे.

आता मूळ मुद्द्यावर येते. लपवण्याची कारणं मला माहीत आहेत, कारण मी स्वतः लपवलं आहे. पहिलं कारण काळजी. मुलगा लांब, एकटा, त्याला कशाला घोर. या कारणाचा मी अनादर करणार नाही. बाबांनी धाप दाबून फोनवर बोललेली ती छोटी वाक्यं मी ऐकली आहेत, त्यात मुलाबद्दलची माया सोडून काही नव्हतं. पण काळजीपासून ज्याला वाचवलं त्याला आजारापासून वाचता आलं नाही. दोन आठवड्यांनी, प्रकृती स्थिर झाल्यावर, सगळं ठीक आहे हे सांगतानाच सांगता आलं असतं. सतरा वर्षांत तसे कितीतरी रविवार होते.

दुसरं कारण लग्न. स्थळं पाहताना "घरात हार्टचं आहे" असं कळलं की लोक मागे सरतात, ही भीती आमच्याकडे माझ्या लग्नाच्या वेळी उघडपणे बोलली गेली. यावर मी एवढंच म्हणेन की ज्या समाजात पन्नाशीच्या आसपास झटका येणं इतकं सर्रास आहे, तिथे ज्या घरात नाही असं म्हणतात, तिथे बहुधा कोणी पाहिलेलं नसतं.

तिसरं कारण विमा. अमेरिकेत नोंद झाली तर विमा मिळणार नाही, हप्ता वाढेल, ही समजूत इथल्या आईवडिलांत पक्की आहे. आरोग्यविम्यापुरती ती खरी नाही. 2008 च्या कायद्यानं कुटुंबातल्या आजारांच्या माहितीवरून आरोग्यविमा नाकारणं किंवा नोकरीत भेदभाव करणं तिथे बेकायदा आहे, आणि 2014 पासून आधीच्या आजारावरून आरोग्यविमा नाकारता येत नाही. आयुर्विम्याला हे संरक्षण नाही, तिथे विचारतात. पण आयुर्विम्याचा हप्ता वाचवायचा म्हणून डॉक्टरला खोटं सांगायचं, हा सौदा कोणी शांतपणे विचार करून करेल असं मला वाटत नाही.

उलट्या दिशेनंही लपवलं जातं, त्याबद्दल कोणी बोलत नाही. दादाला झटका आल्यावर त्यानं पहिल्यांदा मला बजावलं, "आई-बाबांना कळवू नकोस." मी ऐकलं नाही. त्याच्या झटक्याची खबर माझ्यासाठीही होती. मी 41 वर्षांची होते, तोवर माझी रक्तातल्या चरबीची तपासणी एकदाही झाली नव्हती. त्या महिन्यात झाली.

घरांनी बोलायला हवं हे खरं, पण सगळं घरांवर सोडून चालणार नाही. गोळी आणि स्टेंट यांच्यासाठी आपल्याकडे व्यवस्था उभी राहिली आहे. गुजरातेत 2012 मध्ये गरिबांच्या उपचारांची मा योजना आली, 2018 पासून केंद्राच्या आयुष्मान भारतमध्ये गरीब कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, 2017 मध्ये स्टेंटच्या किमतींवर सरकारनं मर्यादा घातली. ही मोठी कामं आहेत. पण पन्नाशीतल्या एका माणसावर स्टेंट बसवण्यासाठी सरकार खर्च करतं आणि त्याच्या मुलांना-भावंडांना तपासून घ्या असं सांगणारी एक ओळ डिस्चार्जच्या कागदावर नसते. बाबांची फाईल मी आता पाठ केली आहे. त्यात मीठ किती, जिने किती, पुढची तारीख कोणती, सगळं आहे. आमच्याबद्दल काहीही नाही. 55 च्या आतल्या पुरुषाला आणि 65 च्या आतल्या बाईला घरी सोडताना नातेवाइकांसाठी एक वेगळा कागद, गुजराती, हिंदी, मराठीत, द्यायलाच हवा अशी सक्ती व्हावी: कोणत्या तपासण्या, कोणी, कधी. तो कागद व्हॉट्सअ‍ॅपवर लीस्टरला आणि एडिसनला त्याच रात्री पोचेल.

हे स्वप्नरंजन नाही. आनुवंशिक कोलेस्टेरॉलच्या आजारासाठी नेदरलँड्समध्ये 1994 ते 2013 अशी देशभर मोहीम चालली. एक रुग्ण सापडला की त्याच्या आईबाप, भावंडं, मुलं, मग चुलत-मावस नात्यांपर्यंत शोधत जायचं, घरी जाऊन रक्त घ्यायचं. आपल्याकडे आतेभाऊ, मामेभाऊ, साडू, व्याही सगळ्यांची नावं तोंडपाठ असणारी माणसं घरोघरी आहेत. नाती शोधायला आपल्याला परिचारिका पाठवावी लागणार नाही.

लिपोप्रोटीन-ए ची तपासणी जन्मात एकदा केली तरी बहुतेकांना पुरते. युरोपातल्या हृदयतज्ज्ञांनी 2019 मध्ये प्रत्येक प्रौढानं ती एकदा तरी करावी असं सांगितलं, आणि अमेरिकेतल्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत दक्षिण आशियाई वंश हाच धोका वाढवणारी बाब म्हणून नोंदलेला आहे. बडोद्यातल्या बऱ्याच लॅबमध्ये ही तपासणी होते, पण नेहमीच्या पॅकेजात ती नसते, मागावी लागते. ती पॅकेजात यावी. दादाचा मुलगा, माझा भाचा, तिकडे जन्मला, सॉकर खेळतो, पोळीपेक्षा पास्ता त्याला आवडतो. त्याचीही तपासणी झाली. पातळी बापाएवढीच आहे. फरक इतकाच की त्याला एकोणिसाव्या वर्षी माहीत आहे.

बडोद्याहून न्यू जर्सीला जाणाऱ्या माणसाच्या बॅगेत काय जातं ते मी वर्षानुवर्षं भरलं आहे. लीलो चेवडो, भाकरवडी, गोडा मसाला, मेतकूट, वजनकाट्यावर 23 किलोला टेकवून. गेल्या दिवाळीला ओळखीचे एक काका निघाले तेव्हा पहिल्यांदा मी त्यात बाबांच्या फाईलच्या झेरॉक्स घातल्या.

आणि एक वही सुरू केली आहे. आमच्यासारख्या घरांना इथे दक्षिणी म्हणत. गायकवाडांबरोबर कोणत्या पिढीला आलो, मूळ गाव कोणतं, त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत कोणाकोणाची नावं आहेत, हे आमच्याकडे अभिमानानं सांगतात. वंशावळीत आठ पिढ्या आहेत. मी प्रत्येक नावापुढे दोन रकाने आखले: वय, आणि कसे गेले. दुपारी चहानंतर बाबा सांगतात, मी लिहिते. पणजोबा "झोपेतच गेले, पुण्यवान". थोरले आजोबा "देवासमोर बसल्या बसल्या, हातात माळ". चुलत आजोबा सुरसागर तलावाच्या पाळीवर, संध्याकाळी, घाम पुसता पुसता. हे सगळं आम्ही लहानपणापासून भाग्यवान मरणाच्या गोष्टी म्हणून ऐकलं होतं. वय विचारलं की बाबा थांबतात, बोटांवर मोजतात आणि सांगतात: 56. 51. 53.

पुरुषांचे रकाने चार पिढ्यांपर्यंत भरत आले. बायकांच्या नावांपुढे मात्र बाबांना काही आठवत नाही. पणजीबद्दल "तिला श्वास पुरत नसे" एवढंच. मोठी आत्या सांगलीला आहे, तिची स्मरणशक्ती अजून चांगली आहे. या रविवारी दादाचा फोन आला की तिलाही जोडून घ्यायचं ठरलं आहे.